शनिवार-रविवारचा वाढदिवस

वाढदिवस या विषयावर मराठीत जे लिहिले जाते त्याचा सूर बहुधा तक्रारीचा असतो. आपण दिवा लावतो, ते मेणबत्ती विझवतात. आपण ओवाळतो, ते केक कापतात. हा युक्तिवाद आता इतका झिजला आहे की तो ऐकताना कोणी मानही वर करीत नाही. अलीकडे त्यात एका नव्या तक्रारीची भर पडली आहे. वाढदिवस ज्या दिवशी असतो त्या दिवशी तो साजराच होत नाही. तो पुढच्या शनिवार-रविवारवर ढकलला जातो, आणि तोही घरी न होता शहरात, मित्रांच्या घोळक्यात होतो. प्रवरेच्या काठच्या, नगर-मनमाड रस्त्यावरच्या कोल्हारसारख्या गावातून पुण्याला नोकरीसाठी गेलेली मुले त्या दोन दिवसांत गावाकडे फिरकत नाहीत. शनिवारी रात्री बारा वाजता खोलीवर केक, रविवारी पहाटे सिंहगड, तेथे पिठले-भाकरी, संध्याकाळी एखादे हॉटेल. घरी आईने ताम्हन तयार ठेवलेले असते, ते तसेच राहते.

ही तक्रार मला अपुरी वाटते. आणि ती कोण करतो हे पाहिले तर थोडी अन्यायाचीही.

प्रथम दिवस ढकलण्याचा मुद्दा घेऊ. जन्मतारीख अचल असते, ती हलवणे म्हणजे तिचा अपमान, अशी समजूत यामागे आहे. परंतु ही समजूत आपल्याकडे जुनी नाही. वाढदिवस तिथीने होत असे तेव्हा तो दरवर्षी हलतच असे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. त्यामुळे तिथी दरसाल तितकी अलीकडे सरकते, अधिक मास आला की पुन्हा पुढे जाते, आणि तारीख व तिथी यांची गाठ साधारण १९ वर्षांनी पडते. कोल्हारच्या भगवतीची यात्रा असो वा नवरात्र, गावाचा सारा उत्सवी काळ असाच सरकता आहे. प्रत्यक्ष शिवजयंतीचाही आपल्याकडे अजून एक दिवस ठरलेला नाही. शासन १९ फेब्रुवारी पाळते, अनेक मंडळे फाल्गुन वद्य तृतीया पाळतात. तेव्हा दिवस हलला म्हणून परंपरा मोडली, असे निदान परंपरेच्या नावाने तरी म्हणता येणार नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आपल्या खेड्यांतील एका मोठ्या वर्गाला हलवण्यासाठी तारीखच नव्हती. जन्म सांगायचा तो घटनेच्या खुणेने. ‘बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात होते तेव्हा तू पोटात होतास’, ‘कारखान्याचा पट्टा पडला त्या साली’, ‘पूर आला त्याच्या आदल्या आठवड्यात’. प्रवरेच्या पट्ट्यात ऊसतोडणी, कालव्याचे आवर्तन आणि गळीत हंगाम हेच पंचांग होते. मग मूल शाळेत घालायची वेळ येई आणि गुरुजी जन्मतारीख विचारत. बापाला ती सांगता येत नसे. शाळा जूनमध्ये सुरू होते, वय पुरे भरले पाहिजे, म्हणून गुरुजी दाखल्यावर १ जून लिहून मोकळे होत. महाराष्ट्रातल्या अगणित माणसांचा वाढदिवस १ जून आहे तो यामुळे. नियमानुसार महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून ३१ मे रोजी आपल्या शासकीय कार्यालयांतून आणि शाळांतून निरोप-समारंभांची रीघ लागते. ज्यांना जन्मदिवस कधी मिळाला नाही, त्यांना निवृत्तीचा दिवस मात्र नेमका मिळाला. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा. त्यानंतरही खेड्यापाड्यात, घरच्या घरी झालेल्या बाळंतपणांची नोंद रुळायला बराच काळ गेला.

या १ जूनवाल्यांचा वाढदिवस घरात कोणी केला? बहुधा कोणीच नाही. मुलग्याचा तरी पाचवा-सहावा वाढदिवस होई. गोडाचे जेवण, नवा सदरा, शेजारच्या पोरांना गोळ्या. मुलीचा तितकाही होत नसे. आणि लग्न होऊन आलेल्या बाईचा तर प्रश्नच नव्हता. तिचे नाव बदलले गेले, कुंकू बदलले, देवक बदलले. जन्मतारीख मात्र सासरी कोणी विचारलीच नाही. घरातल्या सर्वांचे औक्षण जिने केले, तिला ओवाळायला ताम्हन कोणी हाती घेतले, असा प्रश्न मी वयस्क स्त्रियांना विचारून पाहिला आहे. उत्तर बहुतेक वेळा हसण्यात निघते. औक्षण हा सुंदर विधी आहे यात शंका नाही. निरांजनाचा प्रकाश चेहऱ्यावर येतो आणि क्षणभर घर त्या एका माणसाकडे पाहते, ही कल्पनाच मोठी आहे. परंतु घराने कोणाकडे पाहायचे हे नात्याने, वयाने आणि लिंगाने आधीच ठरवून टाकले होते. विधी सर्वांसाठी होता, पाट मात्र मोजक्यांसाठी मांडला जाई.

शहरातल्या मित्रांच्या वाढदिवसाचे मोल येथे कळते. एखादी मुलगी लोणीला किंवा संगमनेरला शिकते, पुण्यात नोकरीला लागते, तिघी-चौघींबरोबर खोली घेऊन राहते. तेथे तिच्या जन्माचा दिवस कोणीतरी लक्षात ठेवते, तिला न कळत वर्गणी काढते, केकवर तिचे नाव घालायला सांगते, बाराच्या ठोक्याला दार वाजवते. ती कोणाची लेक, कोणाची सून, कोणाची बहीण म्हणून हे होत नाही. ती आहे म्हणून होते. तिच्या आयुष्यात कदाचित हे प्रथमच घडत असते. याला उथळ म्हणणे सोपे आहे. मात्र वाढदिवसाची टिंगल करणे त्यांनाच परवडते ज्यांचा दिवस घराने कधी विसरला नाही.

याचा अर्थ जे चालले आहे ते सारे उत्तम आहे, असा नव्हे. तोंडाला केक फासणे, अंडी फोडणे, भर रस्त्यात तलवारीने केक कापून पोलिसांत जाणे, हे ओंगळ आहेच. फलकांवरचे वाढदिवस तर निराळेच प्रकरण आहे. चौकातल्या त्या फलकावर ज्याचा वाढदिवस असतो त्याच्या चेहऱ्याखाली पन्नास शुभेच्छुकांचे चेहरे असतात. तेथे मैत्री नसते, हजेरी असते. मित्रांच्या टेबलावरही खर्चाची ईर्षा शिरते. पुण्यात ‘टीटीएमएम’ म्हणजे ‘तुझे तू माझे मी’ हा जुना शहाणपणाचा करार होता. तो मोडून वाढदिवस असणाऱ्याने सर्वांना ‘पार्टी’ द्यायची असे ठरले की कमी पगाराचा मित्र हळूहळू आपली तारीखच लपवू लागतो. घरात ज्याचा पाट मांडला गेला नव्हता तो येथेही बाजूला सरकतो. मित्रमंडळींनी लक्ष ठेवायचे ते येथे.

आणखी एका माणसाकडे लक्ष गेले पाहिजे. शनिवार-रविवार आपल्याला पंचांगाने दिलेले नाहीत. मुंबईच्या गिरण्यांत कामगार आठवड्याचे सातही दिवस राबत होते, तेव्हा जोतीराव फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी साप्ताहिक सुटीची मागणी लावून धरली. रविवार हा खंडोबाचाही वार, त्यामुळे कामगारांच्या जीवनात त्याला आधीच स्थान होते. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला तो २९ फेब्रुवारी २०२० पासून. ज्या मोकळ्या दिवसांवर आपण वाढदिवस ढकलतो, ते कोणीतरी भांडून मिळवलेले आहेत. आणि शनिवारी मध्यरात्री दारावर केकचा खोका घेऊन जो मुलगा उभा असतो, त्याच्यापर्यंत ते अजून पोहोचलेले नाहीत. तोही बहुधा अशाच एखाद्या तालुक्यातून आलेला असतो. त्याच्या पोटापाण्यासाठी रविवार हा सर्वांत गर्दीचा दिवस. त्याचा वाढदिवस कोणत्या वारावर ढकलायचा? वीकएंड हा शब्द आपण सर्वांच्या मालकीचा असल्यासारखा वापरतो, तो तसा नाही.

तरीही शनिवार-रविवारच्या वाढदिवसाची बाजू मी घेतो, आणि त्याला कारण पुन्हा कोल्हारसारख्या गावातच सापडते. ज्याची तारीख पक्की त्याला तिथी काय नि रविवार काय, फारसा फरक पडत नाही. ज्याला तारीखच नाही त्याला मात्र ही नवी रीत उपयोगाची आहे. दिवस सोयीने ठरवता येतो, तो नेमका असण्यापेक्षा चार माणसे जमणे महत्त्वाचे, हे शहरातल्या मुलांनी कोणताही गाजावाजा न करता मान्य करून टाकले आहे. मग हीच सवलत १ जूनच्या दाखल्यावर आयुष्य काढलेल्या वडिलांना का मिळू नये? तारीख माहीत नसलेल्या आईला का मिळू नये? एखादा रविवार ठरवावा, त्या दिवशी सिंहगडाऐवजी गावची एसटी धरावी, हवे तर मित्रांनाही बरोबर घ्यावे. केक न्यावा, ताम्हनही घ्यावे. दोहोंत भांडण लावण्याचे कारण नाही. मात्र त्या दिवशी आईने ओवाळायचे नाही, तिने पाटावर बसायचे. ती संकोचेल, ‘माझं काय आता’ म्हणेल, दोनदा उठून चुलीकडे जाईल. तिला परत आणून बसवावे लागेल.