अन्नदात्यावर फिर्याद

सिंधीपुऱ्यातील एका देवळाच्या ओट्यावर आरतीनंतर एका सद्गृहस्थांनी परवा आम्हांस विचारले, "वकीलसाहेब, मागावरच्या कामगाराने अन्नदात्यावरच फिर्याद करावी, हे धर्मास धरून आहे काय?" बुऱ्हाणपूर हे तापीकाठचे विणकरांचे शहर, असा प्रश्न येथे नवा नव्हे. आमचे भांडण आहे ते त्यातील 'अन्नदाता' या शब्दाशी.

मजुरी काम झाल्यावर मिळते. महिनाभर ज्याने कापड विणून दिले, त्याने मालकास महिनाभराचे श्रम उधारच दिलेले असतात. येथे धनको मजूर आणि ऋणको मालक! सावकार वसुलीचा दावा लावतो, तेव्हा त्यास कोणी कृतघ्न म्हणत नाही.

आणि धर्माचेच म्हणाल, तर राजाने निवाडा करावयाच्या अठरा विवादपदांत मनुस्मृतीने वेतन न देणे हे स्वतंत्र पद गणले आहे. कौटिल्याने तर मजुरी न देणाऱ्यास तिचा दशांश किंवा सहा पण असा दंडच सांगून ठेवला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण बहुधा ऋणकोंनीच रूढ केली असावी, असा आम्हांस दाट संशय आहे.

किमान वेतनाहून कमी मजुरीत काम करवून घेणे ही वेठबिगारीच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली, आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणी, स्वच्छ सांगितले. यंत्रमागावर मजुरी मीटरवर ठरते, हजेरीपट बहुधा नसतोच, आणि 'पुरावा कोठे आहे?' या एका सवालावर गरीब माणूस गारद होत असे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेने थकबाकीच्या दाव्यात पैसे दिल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर टाकला आहे. दाव्याची मुदत तीन वर्षे. अनेकांचा मिळून एक अर्जही चालतो. आणि भरपाई दसपटीपर्यंत देवविता येते.

तरीही विलंबाचे काय? इंदूरची हुकुमचंद मिल 1990 नंतर लवकरच बंद पडली. तिच्या कामगारांच्या थकबाकीचे सुमारे 224 कोटी रुपये सुटले ते डिसेंबर 2023 मध्ये. तोवर कित्येकांच्या वाट्याला ते पैसे त्यांच्या विधवांच्या हातूनच आले. खुद्द बुऱ्हाणपुरात, सरकारी महामंडळाच्या ताप्ती मिलची चाके मार्च 2020 च्या टाळेबंदीत थांबली आणि कामगारांस अर्ध्या पगारावर दिवस कंठावे लागले. तेथे अन्नदाता म्हणावे तरी कोणास?

हे सारे आम्ही त्या सद्गृहस्थांस सांगितले नाही. त्यांस एवढेच विचारले की, देवळात झाडलोट करणाऱ्या बाईचा पगार केव्हापासून थकला आहे? ते विश्वस्त आहेत. "उत्सव होऊन जाऊ द्या," असे ते म्हणाले. उत्सव वर्षातून चार. बाईस अर्ज आम्ही लिहून देणार आहोत, हे त्यांस तेथेच ओट्यावर सांगून आम्ही उठलो.