नांव मोकळें आहे काय?

सांगलीकडील एका भगिनींचें पत्र आमच्यासमोर आहे. त्यांच्या एकत्र कुटुंबांत तिघी जावा मिळून मेतकूट, भाजणी व सांडगे करून विकतात. मालाला दूरदूरची मागणी येऊं लागली म्हणून धाकट्या दिरांनीं इंटरनेटवर दुकान मांडण्याची कल्पना काढली. सर्वांनीं मिळून एक नांव पसंत केलें, तें कोणी आधींच घेतलें आहे काय हें चार-पांच निरनिराळ्या संकेतस्थळांवर विचारून पाहिलें, आणि सर्वत्र 'उपलब्ध' असेंच उत्तर मिळालें. पुढें घरांतील थोरल्यांचें मत घेण्यांत आठ दिवस गेले. नवव्या दिवशीं पाहतात तों नांव दुसऱ्याच कोणाच्या पदरांत! आपण केलेली विचारपूस कोणीं चोरून ऐकली काय, असें त्यांनीं आम्हांस विचारलें आहे.

शंका भाबडी नाहीं. इंटरनेटवरील हें नांव, ज्याला डोमेन नेम म्हणतात, तें प्रथम मागेल त्याला मिळतें. पेढीची पुण्याई किंवा घराण्याचा हक्क यांतील कांहींच नोंदणीच्या वेळीं पाहिलें जात नाहीं. प्रत्येक अंत्यपदाचें मूळ दप्तर एकच असतें. '.कॉम'चें दप्तर अमेरिकेंतील व्हेरिसाइन कंपनीकडे आहे, तर '.इन'चें दिल्लीच्या निक्सी या संस्थेकडे. आपण मात्र सहसा या दप्तराशीं थेट व्यवहार करीत नाहीं. मध्यें रजिस्ट्रार नांवाचा अडत्या असतो, आणि पुष्कळदां त्याचाही एखादा हस्तक. 'हें नांव मोकळें आहे काय' असें आपण विचारतों, तेव्हां मनांतील गोष्ट या सर्वांच्या कानांवर जाण्याचा संभव असतो. ज्या नांवाला कालपर्यंत कोणी विचारीत नव्हतें तें आज कोणाला तरी हवें आहे, ही बातमी आपणच फुकट दिलेली असते.

अशा बातमीचा उपयोग करून घेतल्याचें एक उदाहरण जगजाहीर आहे. जानेवारी २००८ मध्यें नेटवर्क सोल्युशन्स या अमेरिकेंतील जुन्या व मातबर रजिस्ट्रारनें असा प्रघात सुरू केला कीं, आपल्या संकेतस्थळावर कोणीं एखाद्या नांवाची चौकशी केली आणि तें तेथेंच विकत घेतलें नाहीं, तर कंपनीनें स्वतः तें चार दिवस अडवून ठेवावें. त्या चार दिवसांत तें नांव घ्यावयाचें तर याच दुकानांतून आणि याच दुकानाच्या भावानें! ग्राहकाचें नांव लुच्च्यांनीं पळवूं नये म्हणून हा बंदोबस्त आहे, असें कंपनीचें समर्थन होतें. चोरांच्या भयानें गिऱ्हाइकानें नुसता पाहिलेला दागिना सराफानें कुलुपांत ठेवावा आणि किल्ली आपल्याजवळ बाळगावी, तशांतला हा परोपकार. मोठा गवगवा झाला, व त्याच वर्षीं अमेरिकेंत खटलाही दाखल झाला.

हें साधलें कसें, तेंही समजून घेण्याजोगें आहे. नोंदलेलें नांव पांच दिवसांच्या आंत परत केल्यास रजिस्ट्रारला शुल्क परत मिळे. चुकीच्या नोंदी दुरुस्त करतां याव्या एवढ्याचसाठीं ही सवलत होती. परंतु कित्येक व्यापारी तिच्या आधारें ढिगानें नांवें घेत, त्यांवर जाहिराती लावून कोणतें नांव पैसा देतें हें पाहत, आणि बाकीचीं परत टाकीत. या प्रकाराला 'चव घेणें' अशा अर्थाचेंच इंग्रजी नांव पडलें होतें. इंटरनेटच्या नांवांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन संस्थेनें २००८ व २००९ मध्यें, ठराविक प्रमाणाबाहेर परत केलेल्या नांवांवरही आकार बसविला, तेव्हां हा धंदा बहुतेक मोडला.

मग आमच्या भगिनींचें नांव चोरीस गेलें काय? आयकॅनच्याच सुरक्षाविषयक सल्लागार समितीनें ऑक्टोबर २००७ मध्यें अशा तक्रारींचा विचार केला होता; तक्रारी पुष्कळ, पण निश्चित पुरावा हातीं नाहीं, असाच तिचा सूर होता. या भगिनींनीं निवडलेलें नांव दोन रोजच्या शब्दांचें आहे. तसेंच नांव दुसऱ्या एखाद्या स्वयंपाकघरांतही त्याच आठवड्यांत सुचलें असेल. चोरी कीं योगायोग, हें बाहेरच्या माणसाला सांगतां यावयाचें नाहीं. परंतु मधले आठ दिवस नसते तर दोहोंपैकीं एकाचेंही कांहीं चाललें नसतें, आणि आमचा सारा कटाक्ष यावर आहे.

आपल्याकडे बारशाच्या दिवशीं आत्या बाळाच्या कानांत नांव सांगते, व मगच तें चारचौघांत उच्चारलें जातें. येथेंही तीच रीत बरी. प्रथम घरांतील चर्चा कागदावर आणि पुरती व्हावी. एक नव्हे, तीन-चार नांवें पसंतीच्या क्रमानें लिहावीं. आपल्या शब्दांची रोमन लिपींत फार ओढाताण होते: 'ज्ञ' कोणी 'डी-एन'नें लिहितो, कोणी 'जे-एन'नें, 'ळ'ला तर निराळें अक्षरच नाहीं, दीर्घ 'ई' एका 'आय'नें लिहावी कीं दोन 'ई'नीं, यावर दोन भावांत एकमत होत नाहीं. यासाठीं नांव फोनवर उच्चारून दुसऱ्या गांवच्या एखाद्या आप्ताकडून लिहवून घ्यावें. तो जें लिहील तेंच बहुधा गिऱ्हाईकही लिहील. देवनागरींतील '.भारत' हें अंत्यपद २०१४ पासून मिळूं लागलें आहे. तें अवश्य घ्यावें, पण सध्यां तरी जोडीला रोमन नांव ठेवावें.

थोरल्यांची संमति, पैशांची तजवीज आणि कोणत्या रजिस्ट्रारकडून घ्यावयाचें हा निर्णय, एवढें झालें म्हणजे मग विचारावें; आणि मोकळें असल्यास त्याच बैठकींत घेऊन टाकावें. चौकशी शक्य तों मूळ दप्तराच्या दारांतच करावी. '.कॉम'सारख्या नांवांसाठीं आयकॅनचें 'लुकअप' हें संकेतस्थळ आहे, '.इन'साठीं निक्सीच्या नोंदणीविभागाचें. या चौकशीला पूर्वीं 'व्हूइज' म्हणत, '.कॉम'सारख्या अंत्यपदांकरितां जानेवारी २०२५ पासून आरडॅप ही पद्धत तिच्या जागीं अधिकृत झाली आहे. 'नोंद आढळली नाहीं' असें उत्तर आल्यास नांव बहुधा मोकळें असतें. बहुधा म्हणण्याचें कारण असें कीं, कांहीं नांवें दप्तरानेंच राखून ठेवलेलीं किंवा चढ्या किंमतीचीं असतात.

फुकट तपासणी आणि वर 'तुमच्या नांवाची किंमत सांगतों' असें आमिष दाखविणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांकडे फिरकूं नये. ब्राउझरच्या पट्टींत नांव टाकून पाहणेंही व्यर्थ आहे. पान उघडलें नाहीं म्हणून नांव मोकळें ठरत नाहीं, कित्येक जण नांव घेऊन वर्षानुवर्षें तसेंच ठेवतात. शिवाय तेथें लिहिलेलें दुसऱ्याच्या हातीं पडूं शकतें. सप्टेंबर २००३ मध्यें खुद्द व्हेरिसाइननें, कोणींही न घेतलेलें '.कॉम' नांव टाकणाऱ्यास आपल्याच पानावर नेण्यास आरंभ केला होता. ओरड होऊन ऑक्टोबरच्या आरंभीं तें बंद करावें लागलें.

मोकळें नांव निर्दोष असतेंच असें नाहीं. पूर्वीं तें जुगाराच्या एखाद्या दुकानाचें असेल. इंटरनेट आर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'वर जुनीं पानें पाहतां येतात. तसेंच तें दुसऱ्याचें व्यापारचिन्ह असेल, तर नोंदणी होऊनही तें सोडावें लागेल. १९९९ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें 'रेडिफ'च्या तक्रारीवरून 'रॅडिफ' हें नांव वापरण्यास मनाई केली होती, आणि २००४ मध्यें सत्यम इन्फोवेच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें डोमेन नेमलाही व्यापारचिन्हाप्रमाणें संरक्षण मिळूं शकतें हें मान्य केलें. सरकारी व्यापारचिन्ह-नोंदणीचें दप्तर कोणासही विनामूल्य चाळतां येतें.

नोंद करतांना मालक म्हणून कुटुंबांतील व्यक्तीचें किंवा घरच्या पेढीचें नांव घालावें, संकेतस्थळ बांधून देणाऱ्याचें नव्हे. पहिल्या वर्षाचा स्वस्त भाव पाहून भुलूं नये, दुसऱ्या वर्षाचा विचारावा. आणि नांव हातीं आल्यावर कांहीं दिवसांनीं 'चीनमधील एक कंपनी तुमचेंच नांव मागत आहे, त्वरित पैसे भरून तें राखून ठेवा' अशा मजकुराचें पत्र आलें, तर घाबरूं नये. हा जुना व ठराविक फसवणुकीचा मासला आहे. उत्तरही धाडूं नये.