केस कुणाचे, नियम कुणाचा?

मागच्या शिबिरात रात्रीच्या गप्पांमध्ये एक ज्येष्ठ कार्यकर्त्या म्हणाल्या, "आताच्या पोरी सकाळी उठून आधी केसांना इस्त्री करतात आणि मग मोर्चाला येतात. बाजाराने यांना पुरते गिळले आहे." सगळ्या हसल्या, मीही हसले. माझ्या शेजारी बसलेली वीस वर्षांची कार्यकर्ती मात्र हसली नाही. तिने ओढणी डोक्यावरून घेतली आणि थोड्या वेळाने उठून झोपायला निघून गेली. त्या हसण्याबद्दल मला लिहायचे आहे. कारण मुलींच्या हातात ती इस्त्री देणाऱ्यांमध्ये मी स्वतः आहे.

मी मुंबईत मानखुर्दच्या वस्त्यांमध्ये काम करते. दहावी-बारावी झालेल्या मुलींसाठी आमच्या संस्थेचा तीन महिन्यांचा रोजगार वर्ग चालतो. मॉलमधले कपड्यांचे दुकान, कॉल सेंटर, दवाखान्यातले स्वागतकक्ष अशा ठिकाणी मुलींना नोकऱ्या मिळाव्यात हा उद्देश. वर्गाला एका कंपनीच्या सामाजिक निधीतून पैसे मिळतात आणि पैशांबरोबर पुस्तिकाही मिळते. तिच्यात 'व्यक्तिमत्त्व विकास' नावाचे प्रकरण आहे, आणि त्यात केसांचे एक पान आहे. केस सरळ आणि चमकदार असावेत. तेलकट, फुललेले, विस्कटलेले नसावेत. शेजारी दोन चित्रे. बरोबरची खूण असलेल्या मुलीचे केस पट्टीने आखल्यासारखे सरळ, आणि फुलीची खूण असलेल्या मुलीचे कुरळे. ते पान मी चार वर्षे शिकवले. कुरळ्या केसांच्या मुलींना वर्गासमोर उभे करून शिकवले.

माझे स्वतःचे केस कुरळे आहेत. एम.एस.डब्ल्यू. संपताना मुलाखती सुरू झाल्या, तेव्हा वसतिगृहातल्या मैत्रिणीने तिच्या मशीनने ते सरळ करून दिले होते. नोकरी मिळाली. तेव्हापासून देणगीदारांच्या बैठका असोत की 'बघण्याचे' कार्यक्रम, मी तेच करत आले. त्यामुळे मुलींना सांगताना मला खोटे बोलावे लागले नाही. "मी केले, मला उपयोग झाला, तुम्हीही करा," एवढेच सांगितले.

त्यातल्या एकीची गोष्ट सांगते. नाव मुद्दाम देत नाही. तिला एका मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात नोकरी लागली. आठवड्याभरात पर्यवेक्षकाने सगळ्यांसमोर सांगितले, "ये झाडू घर पे रख के आया करो." पहिला पगार व्हायच्या आत तिने उसने पैसे घेऊन रस्त्यावरून स्वस्तातले स्ट्रेटनर आणले. त्याला तापमान कमी-जास्त करायची सोय नव्हती. एकच बटण, चालू आणि बंद. दहा बाय बाराची खोली, माणसे सहा, प्लग एक. पाणी पहाटे यायचे. पाणी भरून, डोके धुऊन ती बसायची तेव्हा केस अर्धवट ओले असायचे. मागचे केस स्वतःला दिसत नाहीत, म्हणून धाकट्या बहिणीला झोपेतून उठवून मोबाईलचा उजेड धरायला लावायचे. पाऊण तास असा गेला की मग स्टेशनकडे धावायचे. पावसाळ्यात तर कुर्ल्याला गाडी बदलेपर्यंत केस पुन्हा मूळ वळणावर यायचे. मग दुकानाच्या स्वच्छतागृहात उरलेसुरले केस पाणी लावून, ओढून बांधायचे.

एका सकाळी घाईत तिची मान भाजली. कानामागून खाली दोन बोटे लांब चट्टा. मी घरी गेले तेव्हा तिची आई भाकरी करत होती. मूळची जालन्याकडची बाई. तव्यावरून नजर न काढता तिने विचारले, "ताई, हिच्या केसात काय खोट हाय वो? हिच्या आजीचे असेच हायेत, माझे असेच हायेत." माझ्याकडे उत्तर नव्हते. अजूनही नाही.

आता आपल्या चळवळीत या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आहेत. पहिले उत्तर त्या रात्री शिबिरात ऐकले: मुली बाजाराला भुलल्या. 1996 साली बंगलोरला विश्वसुंदरी स्पर्धा झाली, तेव्हा स्त्री संघटनांनी निदर्शने केली. मी तेव्हा शाळेत जाणारी लहान मुलगी होते. सौंदर्य हा धंदा आहे, हे त्या पिढीने ठणकावून सांगितले म्हणून आम्हाला ते समजले. ते ऋण मला मान्य आहे. पण मानखुर्दची ही मुलगी कुठल्या स्पर्धेत उतरली नव्हती. तिला दुकानाच्या काउंटरमागे उभे राहायचे होते. भाबडेपणाने नव्हे, पूर्ण हिशेब करून तिने मशीन घेतले. पगाराच्या जिवावर घरातले तेल-मीठ आणि भावाची फी होती.

दुसरे उत्तर नव्या पिढीचे: तिचे केस, तिची निवड, आपण कोण बोलणार? ऐकायला हे फार उदार वाटते. पण एका बाजूला पाऊण तास आणि भाजलेली मान, दुसऱ्या बाजूला नोकरी, यातून एक उचलायला सांगणे याला निवड म्हणायचे असेल, तर हुंडा देणारा बापही निवडच करतो म्हणावे लागेल.

दोन्ही उत्तरांत एक चूक समान आहे. दोन्ही मुलीकडे बघतात. नियम करणाऱ्याकडे कुणीच बघत नाही. त्या पाऊण तासाचा पगार कोण देतो? मशीन, वीज, गळणाऱ्या केसांसाठी आणलेले तेल, चट्ट्यावरचे मलम हा खर्च कुणाच्या खात्यात? दुकानाला 'नीटनेटकी' विक्रेती हवी आहे, आणि ती तयार करण्याचे सगळे श्रम मुलीच्या घरात, पहाटे, फुकट होतात. घरकाम हे काम आहे असे आपण इतकी वर्षे म्हणत आलो. मग हेही काम आहे, आणि ते मालकासाठी केलेले आहे, एवढे म्हणायला आपण का कचरतो?

आणि 'नीट' म्हणजे काय, हे ठरवले कुणी? आपल्या भाषेत कुरळ्या, दाट केसांना काय काय शब्द आहेत ते आठवून पाहा: झिपऱ्या, झिंज्या, केरसुणी, घरटे. पोरगी जरा भांडली की 'झिंज्या धरून' मारायची भाषा तोंडात येते. कुरळे केस सगळ्या जातीधर्मांत असतात. पण मोठ्या घरातल्या मुलीने कुरळे केस मोकळे सोडले तर ती 'कलाकार' दिसते, आणि वस्तीतल्या मुलीने सोडले तर ती 'गबाळी', 'गावठी' दिसते. म्हणजे बघणाऱ्याला खटकते ती पोरगी. वस्ती, जात, गरिबी हे उघड बोलता येत नाही, म्हणून केसांवर बोट ठेवले जाते.

हा प्रश्न आपल्याकडचाच नाही. अमेरिकेतल्या काळ्या स्त्रियांनी तापवलेल्या लोखंडी फण्यांनी आणि जहाल रसायनांनी आपले केस पिढ्यान्‌पिढ्या सरळ केले, कारण त्याशिवाय गोऱ्यांच्या जगात त्यांना 'सभ्य' मानले जात नव्हते. तिथे एका काळ्या स्त्रीला ग्राहकसेवेची नोकरी देऊ केली आणि तिने केसांच्या जटा कापायला नकार दिल्यावर काढून घेतली. 2016 साली अपील न्यायालयाने म्हटले की यात वंशभेद नाही, कारण केसांची ठेवण बदलता येते. बदलता येते, म्हणून बदलायला लावणे चालते! आमच्या पुस्तिकेचा युक्तिवाद तोच आहे. पण त्या स्त्रिया थांबल्या नाहीत. 2019 साली कॅलिफोर्नियाने कायदा करून केसांच्या नैसर्गिक पोतावरून आणि ठेवणीवरून नोकरीत व शाळेत भेदभाव करायला बंदी केली, आणि नंतर वीसहून अधिक राज्यांनी तसे कायदे केले. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाच्या एका मुलींच्या शाळेत 2016 साली विद्यार्थिनीच उभ्या राहिल्या आणि केसांचा नियम स्थगित झाला. तिथेही आधी 'एवढ्याशा केसांचे काय' असे म्हणणारे होतेच.

आपल्याला तर फार लांब जायची गरज नाही. बाईच्या डोक्यावर कुणाचा हक्क, हा वाद महाराष्ट्रात जुना आहे. नवरा मेला की ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या जातींत बाईचे केशवपन होई. 1890 साली मुंबईत सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी ठरवले, आम्ही विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही. मला या घटनेतली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. रूढी त्यांनी निर्माण केलेली नव्हती, त्यांच्या जातीची तर नव्हतीच. पण वस्तरा त्यांच्या हातात होता. "आम्ही नाही केले तर दुसरा कुणी करील," असे म्हणून मोकळे होता आले असते. तसे ते झाले नाहीत.

आज वस्तरा कुणाच्या हातात आहे? मालकाच्या हातात नाही, तो तर मुलीच्या घरी कधी जातही नाही. तो माझ्या हातात आहे. प्रशिक्षण देणाऱ्या, पुस्तिका वाचून दाखवणाऱ्या, "मुलाखतीला जाताना जरा केस नीट कर गं" म्हणणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या हातात आहे. मालकाचा नियम आपण प्रेमाने, ताई म्हणून, मुलीच्या घरात पोहोचवतो.

"पण नोकरी गेली तर?" हा प्रश्न सहकाऱ्यांनी मला विचारला, आणि तो खरा आहे. मुलीला एकटीला "कुरळे केस घेऊन ताठ मानेने जा" असे सांगणे म्हणजे आपल्या विचारांची किंमत तिच्या पगारातून वळती करणे. ते मी सांगणार नाही. म्हणूनच नकार मुलीने नाही, संस्थेने द्यायचा. आम्ही ते पान वर्गातून काढले आणि कंपनीला तसे पत्र दिले. निधी अजून चालू आहे. बंद झाला तर तेही या अंकात लिहीन. मुलींना कामावर घेणाऱ्या दुकानांना आता आम्ही विचारतो, केसांबद्दल तुमचा नियम काय, तो लेखी द्या. खाण्याच्या ठिकाणी केस बांधा, जाळी घाला, यंत्राजवळ मोकळे सोडू नका, हे नियम स्वच्छतेचे आणि सुरक्षिततेचे आहेत, ते सगळ्यांना सारखे लागू होतात. 'सरळ असावेत' हा त्यातला नियम नाही. गंमत अशी की लेखी मागितले की बहुतेकांना तो लिहिता येत नाही. हवाई सुंदरी पहिल्यांदा गरोदर राहिली की तिला नोकरीवरून काढण्याचा नियमही एकेकाळी लेखी होता. 1981 साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. बाईच्या शरीराबद्दलचे मालकाचे नियम ही काही काळ्या दगडावरची रेघ नसते.

ज्या मुलींना मशीन वापरायचेच आहे, त्यांना मी अडवत नाही. मात्र खरी माहिती देते. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. मशीनच्या उष्णतेने त्याचे कच्चे बंध तेवढे सुटतात, आणि पाणी किंवा दमट हवा लागली की पुन्हा जुळतात. मुंबईच्या पावसात सगळे फुकट जाते ते त्यामुळे. ओल्या केसावर तापलेली पट्टी दाबली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे होतात आणि तो तिथेच तुटतो. म्हणून केस पूर्ण कोरडे हवेत, तापमान कमीत कमी हवे आणि एकाच बटेवर पुन्हा पुन्हा मशीन फिरवू नये. रोजची ही कटकट नको म्हणून पार्लरमधल्या रसायनांकडे वळणाऱ्यांनी तर जास्त सावध राहावे. त्यातल्या काहींमधून गरम केल्यावर फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो, आणि तो माणसात कर्करोग घडवतो हे सिद्ध झालेले आहे. 2022 साली अमेरिकेत 33,497 स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष आले. केस सरळ करणारी रसायने वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक आढळले. रसायनांमुळेच तो झाला असे यावरून सिद्ध होत नाही, पण पार्लरमध्ये काम करणारी आपलीच मुलगी दिवसभर त्या वाफेत उभी असते, हे विसरू नका.

ती मुलगी आता दुसऱ्या दुकानात आहे. मशीन अजून घरी आहे. लग्नकार्य असले की वापरते, एरवी केस बांधून जाते. पर्यवेक्षकाला आम्ही लेखी नियम मागितला होता, त्याचे उत्तर आले नाही. मी स्वतः गेल्या वर्षापासून बैठकांना आहेत त्या केसांनी जाते. पहिल्या दिवशी निधी देणाऱ्यांपैकी एकाने विचारले, "बरं नाही का?"

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी अनेकींच्या संस्थांमध्ये असे वर्ग चालतात. आपली पुस्तिका कपाटातून काढा आणि केसांचे, रंगाचे, 'नीटनेटकेपणा'चे पान शोधा. ते मुलींसमोर मोठ्याने वाचा आणि त्यांना काय वाटते ते विचारा. मग ते फाडायचे की ठेवायचे, हे त्यांच्यासोबत ठरवा. आणि त्या रात्री शिबिरातून उठून गेलेल्या मुलीला मला सांगायचे आहे: हसले ते चुकले. पुढच्या शिबिरात हा विषय चर्चेला घ्यायचा आहे, आणि पहिली बोलायला तू हवी आहेस.