सातबाऱ्यावरचा थोरला

भरल्या घरात वाढलेल्याला हे सांगायला नको. कितीतरी घरांत पोरे बापाला ‘दादा’ म्हणत आणि आईला ‘वहिनी’. काका-आत्या तशी हाक मारीत, पोर ऐकेल तेच शिके. पोटच्या पोरालासुद्धा तो आधी घराचा दादा, मग बाप!

पाच-सात भावंडांच्या घरात जन्माचा क्रम तोच कामाचा क्रम. थोरला औतामागे, मधला गुरांमागे, शेंडेफळ शाळेत. थोरल्याचा सदरा मधल्याला, मधल्याचा ठिगळ लावून धाकट्याला. मधल्याच्या अंगाला कोरे कापड लागे ते बहुधा त्याच्या लग्नातच. आणि थोरल्या बहिणीचे तर विचारूच नका. आई रानात गेली की पाळणा तिच्याकडे, चूल तिच्याकडे, कडेवर सदा एक पोर. शाळेच्या हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीच जास्त. धाकट्यांच्या पाठीत धपाटा घालायचा हक्क मात्र तिला आईइतकाच असे, आणि तो ती बजावीतही असे.

या क्रमाला नावे ठेवणे सोपे आहे. पण त्यावर घरे उभी राहिली, हेही खरे. यशवंतराव चव्हाण १९१३ साली देवराष्ट्र्याला जन्मले. लहानपणीच वडील गेले. वडिलांच्या जागी कोर्टात बेलिफाची नोकरी थोरल्या भावाला मिळाली आणि तिच्या आधारावर घर चालले. धाकटा शिकला, पुढे राज्याचा पहिला मुख्यमंत्री झाला. मुख्यमंत्री सगळ्यांच्या घरात होत नाहीत, पण थोरल्याच्या घामावर झालेला मास्तर, कंडक्टर, कारकून गावोगाव सापडेल.

गाठ पडते ती पुढे, कागदावर. बाप गेला की पूर्वी सातबाऱ्यावर बहुधा थोरल्याचे एकट्याचे नाव लागे आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. मॅनेजर म्हणजे मालक नव्हे, मंडळी. सगळ्यांच्या वतीने शेतसारा भरणारा, सोसायटीचे कर्ज उचलणारा आणि फेडणारा तो. धाकट्यांना हे तोंडपाठ असते, थोरल्याच्या मुलांना नसते. त्यांनी जन्मापासून उताऱ्यावर आपल्याच बापाचे नाव पाहिलेले असते. थोरला डोळे मिटतो आणि मग चुलते-पुतणे कोर्टाची पायरी चढतात. त्यात जमीनही आटली. १९७०-७१ साली महाराष्ट्रात एका खातेदारामागे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती, २०१५-१६ साली ती १.३४ हेक्टरवर आली. वाटा लहान झाला की बांध मोठा वाटू लागतो.

शेजारच्या गावातले एक घर मला माहीत आहे. तीन भाऊ, दोन बहिणी, दहा एकर रान. १९७२ च्या दुष्काळात थोरल्याने सातवीतून शाळा सोडली आणि सडकेच्या कामावर खडी फोडली. दोन वर्षांनी बाप गेला. पुढे पंचेचाळीस वर्षे ‘ए.कु.मॅ.’ तोच. धाकट्याचे डी.एड. त्याने केले, दोन्ही बहिणींची लग्ने त्यानेच लावली. तो गेल्यावर भाऊ बसले आणि बहिणींना निरोप धाडला, ‘सही करायला या.’ कसली, ते सांगायची गरज कुणाला वाटली नाही. हक्कसोडपत्र टाइप होऊन तयार होते.

आक्का आली, पण पेन हातात घेईना. “आप्पा, तुला कडेवर घेऊन मी चौथीतच शाळा सोडली. ते कुठल्या कागदात लिहिलंय, ते दाखव. मग करते सही,” म्हणाली. मास्तर झालेला आप्पा खाली बघत राहिला.

कायदा आक्काच्या बाजूने आहे, हे सासरी गेलेल्या लेकींनी नीट ऐकावे. बापाच्या हिश्शात मुलीला वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच दिला होता. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत लेक आणि लेक सारखेच. त्या दिवशी बाप हयात नसला तरी मुलीचा हक्क बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. राजीखुशीने हक्क सोडायला कुणाची ना नाही. पण सही करण्याआधी कागद वाचून घ्यावा, वाचता येत नसेल तर परक्याकडून वाचवून घ्यावा. घरच्याकडून नको. भावांनीही ‘ए.कु.मॅ.’ची नोंद जुनी असेल तर चावडीवर अर्ज देऊन सगळ्या वारसांची नावे लावून घ्यावीत, आणि ती थोरला हयात असतानाच. वाटणी राजीखुशीची असेल तर जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे होते, दावा लावावा लागत नाही.

कायदा डोकी मोजतो. फोडलेली खडी आणि सोडलेली चौथी त्याच्या तागडीत बसत नाही. ती घरच्यांनीच मोजायची. जुन्या वाटणीत थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा, अशी रीत बऱ्याच गावांत होती. त्या घरात उलटे झाले. वाटे आप्पाने पाडले आणि पहिला उचलायला वहिनीला सांगितले. वहिनीने विहिरीकडचा उचलला, कुणी हूं की चूं केले नाही. धाकट्या बहिणीने आपणहून हक्क सोडला. आक्काने दोन एकरांपैकी एक वहिनीला सोडले, एक ठेवले. उताऱ्यावर आता तिचे नाव आहे. यंदा त्यात हरभरा टाकलाय, राखणीला स्वतः येऊन बसते.