ठसा कुणाच्या नावाचा?

मैत्रिणींनो, सारंगखेड्याची यात्रा तुमच्यापैकी किती जणींनी पाहिलीय? नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. माझं माहेर जवळचं, म्हणून लहानपणापासून जाते. घोडे बघायचे, जिलेबी खायची, परतायचं. मागच्या खेपेला मात्र घोड्यांच्या साजाच्या एका दुकानापाशी पाय थबकले.

दुकानदार लगामाच्या पट्ट्यावर हातोडीनं फुलांचे ठसे उठवत होता. शेजारी त्याची बायको एकेक पट्टा ओल्या फडक्यानं पुसायची, बाजूला ठेवायची आणि थोड्या वेळानं गालाला लावून बघायची. मी विचारलं, तर हसून म्हणाली, "थंड लागला पाहिजे ताई, पण ओला दिसायला नको. मगच ठसा बसतो."

झाडाच्या सालीनं कमावलेल्या चामड्याचं असंच असतं. जास्त ओलं असलं तर नक्षी पसरते, कोरडं असलं तर नीट उठत नाही. नेमकी वेळ साधली, तर वाळल्यावर ठसा पक्का होतो. अनारशाचं पीठ जमलं की नाही हे आपल्या हाताला कळतं ना, तशीच ही पारख! लगामाचं चामडं तर आणखी हट्टी. ऊन-पाऊस, घाम सोसावा म्हणून त्यात चरबी आणि मेण मुरवतात. एकदा ते मुरलं की पाणी लवकर आत शिरत नाही. म्हणून ती आधी ठसे उरकून घ्यायची, मेण नंतर. "सुरीनं खोल कोरलेलं छान दिसतं, पण पट्टा तिथंच तुटतो. वर माणूस बसलेला असतो," ती म्हणाली.

शिलाईही तिचीच. एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी टाका. एक टाका तुटला तरी बाकीची शिवण धरून राहते.

तिनं पट्टा माझ्या हातात दिला आणि मी नकळत हात पदराला पुसला. खांद्यावर पर्स होती, चामड्याचीच! स्वतःचीच लाज वाटली. चामडं वापरायचं, पण ते घडवणाऱ्या हातांना लांब ठेवायचं, ही आपली जुनी खोड अजून गेलेली नाही.

"मावशी, किती वर्षं करताय हे काम?"

"मी कुठं करते ताई? धंदा यांचा. मी आपली मदत."

पट्ट्याच्या मागं नावाचा ठसा होता. अर्थात, त्याच्या एकट्याच्या नावाचा.

हे फक्त आपल्याकडंच आहे असं नाही. खोगीर-लगामांसाठी प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडमधल्या वॉल्सॉल गावातही लगामाची शिलाई बायका करायच्या आणि खोगीर बांधणारे 'कारागीर' म्हणून मिरवायचे ते पुरुष.

'मदत' या शब्दानं बाईचं काय काय जातं, बघा. 2023 साली पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. 18 पारंपरिक व्यवसायांना प्रशिक्षण, अवजारांसाठी मदत आणि कमी व्याजाचं कर्ज देणारी ही योजना. चर्मकारांचं कामही त्यात आहे. पण नियम असा, की एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळणार. नवरा-बायको दोघं राबत असले तरी फॉर्मवर एकच नाव. ते कुणाचं लिहिलं जात असेल, हे का सांगायला हवं? योजना चांगली आहे, पण जिथं दोघांचे हात लागतात तिथं दोघांची नोंद व्हायला नको का?

सरकार बदल करील तेव्हा करील. सुरुवात आपण आपल्या घरापासून करू या. दुकानात, शेतात, गिरणीत तुम्ही जे करता त्याला 'मदत' म्हणणं आधी सोडा. कुणी विचारलं, "काय करता?" तर कामाचं नाव सांगा. आणि बाजारात हातची वस्तू घेताना एवढंच विचारा, "ही कुणी कुणी केली?"

मी निघताना तेच विचारलं. नवरा क्षणभर थांबला, मग म्हणाला, "शिलाई हिची." ती खाली मान घालून सुईत दोरा ओवत होती, पण हसत होती.