फळीवरील लष्करी ताफा

छंदांविषयी ह्या सदरात काही लिहिले की वाचकांची पत्रे येतात ती बहुधा पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी, नाहीतर आगपेट्यांवरील चित्रे ह्यांसंबंधी. लष्करी मालमोटारींच्या ओतीव प्रतिकृतींविषयी कोणी विचारल्याचे मला स्मरत नाही. तरीही ह्या खेपेस तोच विषय घेतो आहे. गेल्या उन्हाळ्यात मऊरानीपुरास आत्याकडे चार दिवस राहण्याचा योग आला आणि त्या चार दिवसांत एका वीतभरही नसलेल्या सहाचाकी मोटारीवरून घरात जो वाद चालला होता, तो अद्याप माझ्या मनातून गेलेला नाही.

मऊरानीपुर हे झाशी जिल्ह्यातील गाव. झाशीहून खजुराहोकडे जाताना वाटेत लागते. सुखनई नदीचा काठ, हातमाग आणि यंत्रमागांची खटखट, आणि भाद्रपदात भरणारा जलविहाराचा मेळा, ही त्याची ओळख. झाशीच्या परिसरात पेशवाईपासून वस्ती करून राहिलेली मराठी घरे आहेत. आत्याचे सासर त्यांपैकीच एक. माजघरात मराठी, उंबरठ्याबाहेर बुंदेली. तिचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, ते १९६३ साली लष्कराच्या यांत्रिकी दलात भरती झाले. पुढली अठ्ठावीस वर्षे त्यांनी पठाणकोटपासून तेजपूरपर्यंत निरनिराळ्या कर्मशाळांत मालमोटारींच्या खालीच उताणे पडून काढली, असे आत्या म्हणते. निवृत्तीनंतर इतरांनी शेती पाहिली, दुकाने काढली. काकांनी मोटारी जमविल्या.

ओसरीलगतच्या खोलीत भिंतीला तीन फळ्या आहेत. त्यांवर चाळीस-बेचाळीस मोटारी ओळीने उभ्या असतात. बहुतेक हिरव्या, काही वाळूच्या रंगाच्या. प्रत्येकीच्या पोटाखाली लाकडाचा एक लहानसा ठोकळा आहे, म्हणजे भार टायरांवर पडत नाही व रबर चपटे होत नाही. धूळ झटकायला कोरडा मऊ कुंचला. सोबत एक लांबट रजिस्टर. त्यात अनुक्रमांक, नाव, प्रमाण, कोठून मिळाली, काय दिले, आणि शेवटचा रकाना ‘अवस्था’. लष्करी कर्मशाळेची शिस्त निवृत्त होत नाही.

ह्या वस्तूंना इंग्रजीतून आलेले ‘डायकास्ट’ हे नाव सर्वत्र रूढ आहे. आमच्या कचेरीत एकदा त्यासाठी ‘साचा-ओतीव’ असा प्रतिशब्द योजला गेला होता. मी तो काकांना मोठ्या उत्साहाने सांगितला. ते म्हणाले, ‘‘गाडी म्हण, पुरे.’’ मुले त्यांना लोखंडी गाड्या म्हणतात, पण त्यांत लोखंड आसापुरतेच असते. काकांचा आठ वर्षांचा नातू सुट्टीत पुण्याहून आला होता. त्याच्या हाती लोहचुंबक देऊन काकांनी त्याच्याकडूनच हे सिद्ध करून घेतले. चुंबक मोटारीच्या धडाला चिकटेना. धातू असतो जस्ताचा. त्यात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम, जरासे तांबे आणि नावापुरते मॅग्नेशियम. हा मिश्रधातू कमी उष्णतेला वितळतो. वितळलेला रस दाबाने पोलादी साच्यात शिरतो आणि क्षणार्धात गोठतो. म्हणून दाराची मूठ, खिळ्यांची डोकी, पुढील जाळी असे बारकावेही उमटतात. आपल्या देशाला जस्त नवे नाही. राजस्थानात उदयपूरजवळ जावर येथे मातीच्या मुशींतून जस्ताचे ऊर्ध्वपातन कित्येक शतकांपूर्वी मोठ्या प्रमाणावर चाले. त्याची खेळणी करण्याची कल्पना मात्र पश्चिमेकडील.

प्रमाणाविषयी नवख्यांचा गोंधळ होतो. १:४३ म्हणजे खऱ्या मोटारीच्या लांबीचा त्रेचाळिसावा भाग. सात मीटर लांबीची मालमोटार ह्या प्रमाणात सोळा सेंटिमीटरांची होते, तर १:७२ मध्ये दहा सेंटिमीटरांहूनही थोडी कमी. त्रेचाळीस हा विचित्र आकडा आला तो खेळण्यातल्या आगगाड्यांमुळे. त्या गाड्यांच्या शेजारी शोभतील अशा मोटारी प्रथम निघाल्या. मेकॅनोचा जनक फ्रँक हॉर्नबी ह्याच्या लिव्हरपूल येथील कारखान्याने १९३४ पासून त्या ‘डिंकी टॉइज’ ह्या नावाने विकल्या. कोणतेही एक प्रमाण धरून चालावे, असा काकांचा सल्ला आहे. स्वतः त्यांनी तो पाळलेला नाही.

त्यांच्या ताफ्यातील सर्वांत भारदस्त मोटार म्हणजे थॉर्निक्रॉफ्ट कंपनीची ‘मायटी अंतार’, डिंकीने १९५६ साली काढलेली. ओढगाड्यासकट ती फूटभराहून थोडी लांब आहे आणि मागचा उतार खाली सोडता येतो. खरी अंतार मुळात वाळवंटातून तेलाचे अवजड नळ वाहण्यासाठी बांधली गेली. नाव अंतरा ह्या इस्लामपूर्व काळातील अरब योद्ध्या कवीचे. पुढे ब्रिटिश सैन्याने तिला पन्नास टनांचा सेंच्युरियन रणगाडा वाहण्यास जुंपले. स्वतःच्या बळावर डोंगर चढणाऱ्या रणगाड्याला दुसऱ्याच्या पाठीवर बसण्याची काय गरज, असे नातवाने विचारले. काकांनी सांगितले की रणगाड्याचे पट्टे सडकेवर लवकर झिजतात, सडकही उखडते, आणि आतली माणसे रणभूमीवर पोहोचण्याआधीच थकून जातात. रणगाडा लढण्यासाठी असतो, प्रवासासाठी नव्हे. म्हणून लांबचा पल्ला तो आगगाडीने किंवा अशा मोटारीवर बसून करतो. १९६५ साली पंजाबात असल उत्तर येथे पॅटन रणगाड्यांना ज्यांनी अडविले त्यांत आपले सेंच्युरियन होते. अहिल्यानगरास, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरास, १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. काका तेथे गेले तेव्हा खिशात डिंकीचा छोटा सेंच्युरियन घेऊन गेले आणि खऱ्याच्या पट्ट्यावर तो ठेवून पाहिला. पहारेकऱ्याने हटकले नाही, उलट तोही वाकून पाहू लागला, हे ते अभिमानाने सांगतात.

मोटार विकत घेण्यापूर्वी ती उलटी करून पाहावी, असा त्यांचा नियम आहे. वरचा रंग कोणीही लावतो. खालून कारागिराची खरी परीक्षा होते. ह्याचे उदाहरण म्हणून त्यांनी मला टाट्रा दाखविली. ही चेक मोटार १९८६ पासून आपल्या सैन्यासाठी भारतात जुळविली जाऊ लागली. इतर मालमोटारींना दोन समांतर तुळयांची चौकट असते. टाट्राच्या पोटातून एकच जाड नळी पुढून मागे जाते, आणि तिला दोन्ही बाजूंनी अर्धे आस जोडलेले असतात. एक चाक खड्ड्यात गेले तरी शेजारचे आपल्या जागी राहते. पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने घडविलेले आणि १९९९ साली कारगिलमध्ये वापरलेले ‘पिनाक’ अग्निबाण अशाच मोटारीवरून सुटतात. ‘सर्वत्र’ हा घडीचा पूलही तिच्याच पाठीवर असतो. काकांच्या प्रतिकृतीत ती नळी आणि ते आस हुबेहूब आहेत. पिनाकाचा सांगाडा मात्र त्यांनी स्वतः शाईच्या जुन्या पेनांच्या नळ्या कापून बसविला आहे.

आता त्यांच्या मनातील सलाविषयी. ज्या मोटारीवर त्यांचे आयुष्य गेले, ती शक्तिमान त्यांना ओतीव स्वरूपात कधीच मिळाली नाही. जर्मनीच्या मान कंपनीशी करार होऊन १९५९ साली जबलपुरास पहिली शक्तिमान बाहेर पडली आणि १९९६ पर्यंत तिचे उत्पादन चालू होते. पुढे तिची जागा स्टॅलियन व टाटांच्या मोटारींनी घेतली. १९६२ नंतर हिमालयातील बर्फापासून कच्छच्या खारटाणापर्यंत पीठ, दारूगोळा आणि माणसे हिनेच वाहिली. परदेशांतील कारखान्यांनी आपापल्या सैन्यांची मोटार न मोटार ओतून काढली. आपल्याकडेही साचे नव्हते असे नाही. डिंकीचे काही जुने साचे कलकत्त्यास आले आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांतून ‘निकी टॉइज’ निघाली. पण ती बहुतेक विलायती मोटारींचीच रूपे. बाहेरून मागवावे तर खेळण्यांवरील आयातकर २०२० साली २० वरून ६० टक्के आणि २०२३ साली ७० टक्के झाला. देशी कारखान्यांना त्याने वाव मिळाला हे खरेच; आता त्यांच्यापैकी कोणी शक्तिमानचा साचा पाडावा, एवढीच काकांची अपेक्षा आहे. तोवर त्यांनी पत्रा, सागवानी लाकूड आणि जुन्या छत्रीचे कापड ह्यांची एक करून ठेवली आहे. बुटके पुढारलेले नाक, मागे ताडपत्री. क्रमांकाच्या पाटीवर आधी वर टोक केलेला बाण, मग वर्षाचे दोन आकडे, मग अक्षर आणि अनुक्रमांक, सारे यथास्थित. ती जराशी तिरपी उभी राहते. ‘‘खरीही तिरपीच उभी राहायची,’’ असे आत्या म्हणते. काका त्यावर काही बोलत नाहीत.

वाद झाला तो मात्र ह्या कोणत्याही मोटारीवरून नव्हे. सर्वांत खालच्या फळीच्या कोपऱ्यात, एका उघड्या बशीत, सहा चाकांची आच्छादित लष्करी मोटार असते. ही डिंकीचीच, १९३७-३८ च्या सुमारास निघालेली. १९४७ साली झाशीच्या छावणीतील एक इंग्रज कुटुंब सामान विकून निघाले, त्या लिलावात काकांच्या वडिलांनी ती काही आण्यांना घेतली. काका तेव्हा दोन वर्षांचे होते. त्यांचे हे पहिले खेळणे, आणि संग्रहाचा आरंभही तोच.

ह्या मोटारीला जस्ताची कीड लागली आहे. कीड म्हणजे जंतू नव्हेत. ओतताना जस्तात शिशाचा अल्पसा अंश राहून गेला, तर पुढे ओलाव्यामुळे धातू कणाकणांमधून कुजत जातो, फुगतो, त्याला भेगा पडतात आणि शेवटी त्याचा भुगा होतो. महायुद्धापूर्वीच्या खेळण्यांत हा दोष पुष्कळ आढळतो. एकीची कीड दुसरीला लागते असा समज आहे, तो खरा नाही. दोष ज्याचा त्याच्या पोटात जन्मापासूनच असतो. त्यावर उपाय नाही. कोरड्या जागी ठेवले तर नाश लांबतो, इतकेच. काकांनी तेवढे केले होते, तरी मऊरानीपुरचे पावसाळे बशीपर्यंत पोहोचले. चौकट वाकली होती आणि मागच्या एका चाकाला केसाएवढी चीर गेली होती.

नातवाला नेमकी तीच हवी होती. बाकीच्या मोटारींना हात लावण्याची परवानगी असता त्याने हट्ट धरला तो हिचाच.

त्याचे वडील म्हणाले, ‘‘बाबा, हिला काचेच्या पेटीत बंद करून टाका. आजोबांची एवढी एकच आठवण आहे.’’

आत्या तांदूळ निवडत होती, तेथूनच म्हणाली, ‘‘पेटीत काय, बशीत काय, मोडायची ती मोडणारच. तुम्ही खेळलात ना हिच्याशी? मग त्यानेच काय घोडे मारले आहे?’’

काका काहीच बोलले नाहीत. दोन दिवस हा विषय जेवताना निघे आणि ताटे उचलताना थांबे. मला विचारले तेव्हा मी मुलाच्या वडिलांची बाजू घेतली, हे कबूल केले पाहिजे. संग्रह म्हणजे जतन, असे मला वाटत होते आणि पुष्कळ अंशी अजूनही वाटते. मूळ रंगावर नवा रंग देऊ नये, मूळ खोके फेकू नये, हे नियम त्याच विचाराचे आहेत. पण जतन करण्याजोगे जिथे उरलेलेच नाही तिथे काय करायचे, ह्याचे उत्तर मजपाशी नव्हते.

निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी काकांनी ओसरीवर चटई टाकली, तिच्यावर जुन्या धोतराची घडी पसरली आणि बशी खाली आणली. नातवाला समोर बसविले. ‘‘ढकलायची नाही. बोटाने नुसती हलवायची. माझ्याकडे पाठव.’’ मोटार दीड हात चालत गेली. काकांनी ती वळवून परत पाठविली. अशा चार खेपा झाल्या. त्या मोटारीत काय भरले आहे असे मुलाने विचारले, तेव्हा काकांनी गंभीरपणे सांगितले, ‘‘पीठ, रॉकेल आणि टपाल.’’ पाचव्या खेपेस चीर गेलेले चाक निखळले आणि धोतरावर करड्या रंगाची भुकटी सांडली. मुलाचा चेहरा उतरला. काका म्हणाले, ‘‘तुझा दोष नाही. हे चाक माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे होते.’’

त्यांनी भुकटी कागदावर गोळा करून तिची पुडी बांधली आणि ती बशीत ठेवली. मोटारीच्या खाली, गेलेल्या चाकाच्या जागी, आगकाडीचा तुकडा टेकविला. मग रजिस्टर काढले. निकामी झालेल्या गाडीला लष्करात काय म्हणतात हे मला ठाऊक होते. त्या घरात तो शब्द पिठाच्या चाळणीसाठीही वापरला जातो. ‘अवस्था’ ह्या रकान्यात काका ‘कंडम’ असे लिहितील अशा समजुतीने मी पाहत होतो. त्यांनी चष्मा पुसला, तारीख घातली आणि लिहिले : ‘पाच चाके. चालक बदलला.’