एक सर्व्हर, अनेक संस्था

संघटनेचा पत्रव्यवहार ही संघटनेची मालमत्ता आहे, हे तत्त्व आपण सारेच मान्य करतो. प्रत्यक्षात मात्र कित्येक युनियनांचा, सहकारी संस्थांचा आणि समित्यांचा पत्रव्यवहार कोणा एका चिटणिसाच्या खाजगी ई-मेल खात्यात पडून असतो. चिटणीस बदलला की दप्तरही त्याच्याबरोबर जाते. शिवाय ते खाते बहुधा एखाद्या महाकाय कंपनीने फुकट दिलेले असते. उद्या तिने ते बंद केले तर दाद कोणाकडे मागावयाची?

या परावलंबनाला पर्याय आहे. ई-मेल पोहोचविण्याचे मूलभूत नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांवर कोणाचीही मालकी नाही. वीत्से वेनेमा यांनी आयबीएममध्ये काम करीत असताना लिहिलेला ‘पोस्टफिक्स’ हा टपाल वाहणारा प्रोग्राम १९९८ पासून सर्वांना खुला आहे. साधने उपलब्ध आहेत. उणीव आहे ती सहकार्याची. एका लहान संस्थेला स्वतःचा सर्व्हर झेपणार नाही, परंतु दहा संस्थांना मिळून तो सहज झेपेल. प्रत्येकीने आपले डोमेन आपल्याच नावाने नोंदवावे आणि त्याच्या ‘एमएक्स’ नोंदीत समाईक सर्व्हरचे नाव द्यावे. मग ज्या त्या संस्थेची पत्रे त्या सर्व्हरकडे येऊ लागतात.

येथे एक चूक हमखास होते. सारी डोमेने सर्व्हरची ‘स्थानिक’ म्हणून नोंदविली, तर एका संस्थेचा ‘अध्यक्ष’ आणि दुसरीचा ‘अध्यक्ष’ यांची पत्रे एकाच पेटीत पडतात. पोस्टफिक्समध्ये अशा डोमेनांसाठी ‘व्हर्च्युअल’ अशी निराळी यादी असते. तीत प्रत्येक पूर्ण पत्त्याला स्वतंत्र पेटी मिळते. मात्र एकच डोमेन दोन्ही याद्यांत घालावयाचे नसते. सहकार्य म्हणजे विलीनीकरण नव्हे, हे यंत्रालाही स्पष्ट सांगावे लागते!

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: सर्वांची पत्रे एका ठिकाणी ठेवणे धोक्याचे नाही काय? इटलीतील ‘ऑटिस्टिची/इन्व्हेन्ताती’ या २००१ पासूनच्या स्वयंसेवी गटाचा अनुभव बोलका आहे. २००४ मध्ये एका खात्याच्या तपासासाठी पोलिसांनी त्यांच्या सर्व्हरमध्ये प्रवेश मिळविला. एका खात्यापायी सर्वांचीच गुप्तता धोक्यात आली आणि गटाला त्याचा पत्ता लागला तो वर्षभराने. त्यानंतर त्यांनी आपली सेवा निरनिराळ्या देशांतील सर्व्हरांवर विभागली. जो सर्व्हर सांभाळतो त्याला, पत्रे सांकेतिक केलेली नसतील तर, ती वाचता येतात, हे सत्य लपविण्यात अर्थ नाही.

दुसरी अडचण बड्या कंपन्यांच्या दारवानीची आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी पाठविणाऱ्यांवरील अटी कडक केल्या. पत्र पाठविण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरला आहे हे सांगणारी ‘एसपीएफ’ नोंद, पत्रावरील ‘डीकेआयएम’ सही आणि ही तपासणी फसल्यास काय करावे हे सांगणारी ‘डीमार्क’ नोंद, या तिन्ही गोष्टी प्रत्येक डोमेनासाठी स्वतंत्रपणे केलेल्या बऱ्या. इतके करूनही एका संस्थेने अनाहूत पत्रांचा मारा केला, तर सर्व्हरची पत जाते आणि शिक्षा उरलेल्या नऊ जणींना होते.

म्हणूनच हा प्रश्न केवळ तंत्रज्ञाचा नाही. सर्व्हर उभा करण्याआधी करार हवा: किल्ल्या किमान दोघांकडे असाव्यात, प्रती नियमित काढल्या जाव्यात, पाठविण्याची शिस्त सर्वांनी पाळावी, आणि बाहेर पडू इच्छिणाऱ्या संस्थेला आपले डोमेन व आपली पत्रे घेऊन जाण्याची मुभा असावी. हा करार नसेल, तर आपण कंपनीच्या जागी फक्त एका तंत्रज्ञाला मालक करू. दप्तर पुन्हा एका माणसाच्याच हाती जाईल. आणि तेच तर आपल्याला टाळावयाचे आहे.